नवीन फिंच आणलेत. वन बीएचकेत वेगळे ठेवायचे कुठे आणि किती दिवस?

खिडकीतली_चिमणी | ७ जून, रात्री १०:५२

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर.

माझ्याकडे तीन वर्षांपासून झेब्रा फिंचच्या (इवले, दाणे खाणारे पक्षी) दोन जोड्या आहेत. हॉलमध्ये खिडकीशेजारी मोठा पिंजरा आहे, मस्त मजेत असतात. आज बेंगाली फिंचची एक जोडी आणायला गेले आणि येताना गोल्डियन फिंचची जोडीही घेऊन आले. (हो, मोह आवरला नाही. ती जांभळी छाती बघून कुणाला आवरतो ते सांगा.) दुकानदार म्हणाला, "सबके साथ डाल दो मॅडम, दो दिन झगडेंगे, फिर दोस्ती." मी पिंजऱ्याचं दार उघडलंही होतं, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आई, करोनात आजीला चौदा दिवस वेगळं ठेवलं होतं ना?" मग हात थांबला.

आता चौघं भोकं पाडलेल्या खोक्यात आहेत आणि मी हा धागा लिहितेय. घर कांजूरमार्गला, हॉल, किचन, एक बेडरूम, माणसं चार. बेडरूम सासूबाईंची, तिथेच देवघर, रोज सकाळ-संध्याकाळ धूप. गॅलरीला ग्रिल आहे, पण तिथे रानचिमण्या आणि कबुतरांचा मुक्काम. बाथरूम एकच. ठेवायचं कुठे? किती दिवस? आणि खरंच इतकं करायची गरज असते का?

---

निमिष_ठाणेकर | ७ जून, रात्री ११:०३

वाचतोय. मलाही हाच प्रश्न आहे.

---

भांडुपचा_भाऊ | ७ जून, रात्री ११:२०

ताई, मुलाला एक कुल्फी द्या माझ्यातर्फे.

पहिलं काम आत्ताच करा. बेंगाली आणि गोल्डियन एकाच खोक्यात आहेत ना? वेगळे करा. दुसरा पिंजरा नसेल तर दुसरं खोकं, त्यात दाणापाणी. कारण उद्या लिहितो, मोठं आहे. आज रात्री नव्या पक्ष्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय झेब्रांकडे जाऊ नका. आणि दाणा बदलू नका. दुकानात नुसती कांग खात असतील तर आठवडाभर कांगच. इतक्या लहान पक्ष्याच्या पोटात एक दिवसाचीही शिल्लक नसते. नवा दाणा ओळखला नाही म्हणून उपाशी राहिला तर दुसऱ्या दिवशी आडवा सापडतो आणि आपण म्हणतो रोग होता.

---

खडूस_दादरकर | ८ जून, सकाळी ७:१५

आली का पक्ष्यांवरही विलगीकरणाची फॅशन. आता डाव्या हातावर शिक्का मारा म्हणजे झालं.

आमच्या वडिलांनी दादरच्या चाळीत दोन खोल्यांत तीस वर्षं पक्षी पाळले. कॅनरी, फिंच, लव्हबर्ड. क्रॉफर्ड मार्केटहून आणायचे आणि थेट पिंजऱ्यात सोडायचे. पक्षी म्हटला की थोडीफार मर असतेच. माणसांना जागा नाही तिथे पाहुण्या चिमण्यांना वेगळी खोली कुठून आणायची?

---

अक्का_गिरगाव | ८ जून, सकाळी ९:४०

दादरकर, "थोडीफार मर" म्हणजे किती, ते वडिलांनी कुठे लिहून ठेवलं होतं का? नसेल तर उन्हाळ्यात मेला तो उन्हाने आणि पावसाळ्यात मेला तो गारठ्याने, असाच हिशोब असणार. आमच्याही घरी तोच होता.

---

भांडुपचा_भाऊ | ८ जून, दुपारी २:०५

हं, आता सविस्तर.

माझ्याकडे गोल्डियनच्या तीन जोड्या होत्या. गोल्डियन दिसायला राजा, पण पिल्लं वाढवण्यात काही जोड्या महाआळशी. अंडी सोडून उठतात. म्हणून लोक काय करतात, त्यांची अंडी बेंगालीच्या घरट्यात ठेवतात. बेंगालीसारखे आईबाप नाहीत. कुणाचीही अंडी द्या, उबवतात, भरवतात.

(अवांतर: नाव बेंगाली, पण बंगालशी संबंध शून्य. पांढऱ्या पाठीच्या मनोलीची (म्हणजे एका मुनियेची) पाळीव जात आहे ही, चीनमधून नेलेल्या पक्ष्यांपासून जपानात तयार झालेली. रानात कुठेच सापडत नाही. त्यांची रानटी चुलत भावंडं मात्र आपल्या कोकणात आहेत.)

मी दोन जोड्या आणल्या. टुणटुणीत, पिसं चकचकीत, त्यामुळे सरळ आत. त्या हंगामात अकरा पिल्लं गेली. दहा-बारा दिवसांची होईपर्यंत छान, मग पिसं फुगवून बसायची, सारखी खायची तरी छातीचं हाड सुरीसारखं वर. शीमध्ये अख्खा दाणा जसाच्या तसा. मी कॅल्शियम दिलं, बल्ब लावला, आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाराव्याला घेऊन डॉक्टरकडे गेलो. त्यांनी ताजी शी काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. बारीक शेपटीवाले जीव नुसते वळवळत होते. कॉक्लोसोमा. हा बेंगालीच्या आतड्यात गुपचूप राहतो, त्यांना स्वतःला काही करत नाही. आणि ते भरवतात घशातून काढून! म्हणजे मी प्रत्येक पिल्लाला घासाबरोबर रोग भरवत होतो.

ते बेंगाली एक दिवससुद्धा आजारी दिसले नाहीत. म्हणून म्हणतो, "धडधाकट दिसतोय" या वाक्याला किंमत नाही.

---

पशुवैद्य_म्हणे | ८ जून, रात्री १०:३०

मी पशुवैद्य आहे, पक्षी बघतो. न बघता डोस लिहिणार नाही, कृपया वेगळा निरोप टाकून मागू नये.

भाऊंनी लिहिलंय ते बरोबर आहे. पक्षी आजार लपवतो, कारण थव्यात आजारी दिसणारा आधी उचलला जातो. फिंच तुम्हाला आजारी दिसला तेव्हा तो बहुधा कित्येक दिवस आजारी आहे. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका, काट्यावर विसंबा. सोनारासारखा दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. कागदी पिशवीत पक्षी, पिशवीचं वजन वजा. बेंगाली साधारण १३ ते १५ ग्रॅम, गोल्डियन त्याच्या आसपास किंवा थोडा जास्त. पण पुस्तकातल्या आकड्याचं मला कौतुक नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचं त्याचं स्वतःचं वजन लिहा आणि त्यातून दहा टक्के उतरलं की फोन उचला. पंधरा ग्रॅमच्या पक्ष्यात दहा टक्के म्हणजे दीड ग्रॅम. हाताला कळणार नाही.

किती दिवस, तर किमान ३०. मी ४५ सांगतो, लोक ३० करतात. तीस दिवस दार बंद ठेवून रोज दाणा टाकला आणि एकतिसाव्या दिवशी आत सोडला, तर तुम्ही फक्त महिनाभर उशिरा तीच चूक केलीत. त्या तीस दिवसांत शी तपासायची, वजनं लिहायची, रात्री ऐकायचं. "काय ऐकायचं" हे गोल्डियनवाल्यांना माहीत असेल, ताईंना पुढे सांगतो.

शीचं एक. कॉक्सिडिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) शोधायचा तर दुपारी चारनंतरची शी गोळा करा, दोन-तीन दिवसांची मिळून. फिंच-चिमण्यांमध्ये त्याची अंडी जास्त करून दिवस कलताना पडतात. सकाळचा नमुना स्वच्छ येतो आणि सगळे खूश. भाऊ म्हणतात तो कॉक्लोसोमा याच्या अगदी उलट. शी थंड झाली की तो मरतो, मग दिसत नाही. त्यासाठी डबी आणू नका, पक्षीच घेऊन या.

आणि दुकानदाराने दिलेली पिवळी पूड पाण्यात घालू नका. अँटिबायोटिकने किडे मरत नाहीत, लक्षणं तेवढी झाकली जातात, आणि आपला महिना फुकट.

---

खिडकीतली_चिमणी | ९ जून, सकाळी ११:१०

डॉक्टर, ती पिवळी पूड खरंच दिली होती, मी काही न सांगता तुम्हाला कसं कळलं!

जागेचा प्रश्न सुटला. समोरच्या काकू मुलीकडे नाशिकला गेल्यात, तुळशीला पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. घाबरत फोन केला. म्हणाल्या, "ठेव गं, घराला तेवढाच आवाज. फक्त देवाजवळ दिवा लाव." तर काकूंच्या मागच्या खोलीत दोन पिंजरे, दोन टोकांना. मधे काकूंचं लोखंडी कपाट.

---

अक्का_गिरगाव | ९ जून, दुपारी १२:३०

मुंबईत शेजाऱ्याच्या बंद घराची किल्ली म्हणजे फार्महाऊसच.

आता माझे चार पैसे. आधी आपल्या झेब्रांचं सगळं आटोपायचं, मग समोर जायचं, आल्यावर आंघोळ. उलट कधीच नाही. समोरची केरसुणी, फडकं, पाण्याची वाटी समोरच राहील. एक जुना गाऊन तिथेच खुंटीला टांगून ठेवा. मी तर दाण्याचा डबासुद्धा वेगळा ठेवते, कारण हात घालणार आपणच.

दिवा चालेल, उदबत्ती नको. डासांची कॉइल आणि ते भिंतीत लावायचं लिक्विड तर अजिबात नको. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड शिवा.

पिंजऱ्यात मडकी आणि लाकडी दांड्या नका ठेवू आत्ता. रक्त पिणारे लाल किडे फटींत लपतात, दिवसा दिसत नाहीत. रात्री पिंजऱ्यावर पांढरा धुतलेला पंचा टाका, पहाटे उजेड व्हायच्या आत घड्या उलगडून बघा. मिरीच्या भुकटीसारखे ठिपके चालताना दिसले आणि दाबल्यावर लाल डाग पडला, तर समजा. ते किडे उपाशीपोटी कित्येक महिने जगतात, म्हणून जुना लाकडी पिंजरा "धुऊन घेऊ" म्हणून वापरायचा नाही.

---

रिकामटेकडा | ९ जून, दुपारी ३:१८

एवढी कटकट कशाला. लाल मुनिया आणा, देशी पक्षी, काटक, काही होत नाही. ओळखीने मिळतात.

---

अक्का_गिरगाव | ९ जून, दुपारी ३:२६

रिकामटेकडा, हा सल्ला इथे नको. आपल्याकडच्या सगळ्या मुनिया १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, पाळणं, सगळाच गुन्हा. "ओळखीने मिळते" ती जाळ्यात सापडलेली असते आणि एका जिवंत मुनियेमागे वाटेत मेलेल्या कुणी मोजत नाही. झेब्रा आणि गोल्डियन ऑस्ट्रेलियाचे, आणि तिथून रानपक्षी बाहेर यायचे १९६० पासून बंद आहेत, म्हणून आपल्याकडचे सगळे पिंजऱ्यातच जन्मलेले.

---

निमिष_ठाणेकर | ९ जून, सायंकाळी ६:०२

अवांतर: लाल मुनियेचं शास्त्रीय नाव अमंडावा, ते "अहमदाबाद"चा अपभ्रंश आहे. एके काळी तिथून जहाजं भरभरून जायची म्हणे. पक्ष्याच्या नावातच त्याचा बाजार.

---

खडूस_दादरकर | १० जून, रात्री १२:४०

झोप येत नाहीये. परवा अक्कांनी विचारलं त्यावर विचार करत होतो.

वही नव्हती. पण एक साल आठवलं. मी सहावीत असेन. वडिलांनी गणपतीच्या आधी तीन नवे कॅनरी आणले होते. पावसाळा सरता सरता एकेकाच्या डोळ्याभोवती आणि पायाच्या बोटांवर फोड आले, मग खपल्या. डोळे मिटून बसायचे. आई म्हणाली, पक्ष्यांना देवी आल्या. ती माहीमच्या शीतलादेवीला जाऊन नारळ ठेवून आली. चौदापैकी दोन वाचले. वडील नंतर वर्षभर पिंजऱ्याकडे फिरकले नाहीत, हे मी विसरलो होतो.

डॉक्टर, काय होतं ते?

---

पशुवैद्य_म्हणे | १० जून, सकाळी ८:५०

तुमच्या आईचं निदान जवळजवळ बरोबर होतं. तो कॅनरी पॉक्स असणार, देवीच्याच विषाणूंच्या घराण्यातला, फक्त पक्ष्यांचा. माणसाला होत नाही. डास तो एका पक्ष्यापासून दुसऱ्याकडे नेतात, म्हणून पावसाळ्याच्या शेवटी उसळतो. मच्छरदाणी त्यासाठीच. फिंचमध्ये कॅनरीइतका दिसत नाही, पण ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याने धोका घेऊ नये.

---

खिडकीतली_चिमणी | १० जून, रात्री ९:१५

दादरकर काका, वाचून कसंतरी झालं.

आजची वजनं, मुलाच्या वहीतून: बेंगाली १४.२ आणि १३.८. गोल्डियन नर १५.६, मादी १४.९. पकडताना मादीने असा श्वास टाकला की मीच घाबरले. शी ठीक वाटते, मधे हिरवट-तपकिरी, कडेला पांढरी. रोज वर्तमानपत्र बदलतेय. मुलाचं म्हणणं, संपादकीय पान त्यांना जास्त आवडतं.

---

पशुवैद्य_म्हणे | १० जून, रात्री ११:३०

मादीच्या श्वासाबद्दल. आता ते "ऐकण्याचं" सांगतो.

गोल्डियनच्या श्वासनळीत आणि हवेच्या पिशव्यांत एक किडा असतो, खसखशीहून लहान, काळा. पकडल्यावर धाप लागणं, चोच किंचित उघडी, श्वासागणिक शेपूट खालीवर होणं, गाणारा नर गप्प होणं, आणि रात्री शांततेत टिक्-टिक् असा बारीक आवाज. खोलीतला पंखा बंद करून, दिवे मालवून पिंजऱ्याजवळ बसा. घाईने नाही, पंधरा मिनिटं.

---

खिडकीतली_चिमणी | १५ जून, रात्री २:०५

आमची बिल्डिंग रेल्वेला लागून. शेवटची लोकल गेल्याशिवाय इथे शांतता म्हणजे काय ते कळत नाही. तर दीड वाजता नवरा आणि मी काकूंच्या मागच्या खोलीत अंधारात फरशीवर बसलो. बाहेर पाऊस थांबलेला. आधी काहीच नाही. मग नवरा कुजबुजला, "घड्याळ आहे का इथे?" घड्याळ नव्हतं.

टिक्. टिक्. मधे थांबून परत टिक्. मादीच. नराचं काही ऐकू आलं नाही. आज तिचं वजन १४.१.

---

भांडुपचा_भाऊ | १५ जून, सकाळी ६:३०

बघा. हीच मादी ७ तारखेला झेब्रांच्या पिंजऱ्यात असती तर एव्हाना एकाच वाटीतून आठ पक्षी पाणी पीत असते.

ताई, एक विनंती. इंटरनेटवर वाचून कुत्र्याच्या गोचिडाचं इंजेक्शन आणून त्याचे थेंब टाकू नका. औषध बहुतेक तेच निघेल, पण ते २० किलोच्या जनावरासाठी बनवलेलं आहे आणि तुमची १४ ग्रॅमची आहे. माझ्या मित्राने तसं केलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले.

---

खिडकीतली_चिमणी | १७ जून, रात्री ८:४४

परळच्या बाजूला एक पक्ष्यांचे डॉक्टर मिळाले, चौघांना घेऊन गेले. टॅक्सीत खोकं मांडीवर, वरून छत्री.

डॉक्टरांनी खोली अंधारी केली, मादीच्या गळ्यावरची पिसं ओल्या कापसाने बाजूला केली आणि मागून बारीक टॉर्च लावला. गळा कंदिलाच्या काचेसारखा उजळला आणि आत नळीत काळे ठिपके. एक हलला. मी आत्तापर्यंत "किडे" हा शब्द वाचत होते, दिसल्यावर पोटात ढवळलं.

मानेच्या मागे कातडीवर पातळ केलेल्या औषधाचा एक थेंब, दोघांनाही. चौदा दिवसांनी परत. एकदम खूप किडे मेले तर नळी तुंबू शकते, म्हणून दोन दिवस अजिबात धावपळ नको, असं सांगितलंय.

बेंगालींच्या शीत कॉक्सिडिया निघाले, त्यांना पाण्यातून वेगळं औषध. कॉक्लोसोमा तिथल्या तिथे काचेवर पाहिला, दिसला नाही.

---

भांडुपचा_भाऊ | १७ जून, रात्री ९:३०

एकदा दिसला नाही म्हणजे नाही असं मी तरी धरणार नाही. माझे बेंगाली दुसऱ्या तपासणीत सापडले होते.

---

पशुवैद्य_म्हणे | १७ जून, रात्री १०:१२

सहमत. पुन्हा बघून घ्या.

कॉक्सिडियासाठी स्वच्छतेचं: ब्लीचने त्याची अंडी मरत नाहीत. उकळतं पाणी ओता आणि कोरडं ठेवा. ओलाव्यात ती एक-दोन दिवसांत पिकतात आणि मगच दुसऱ्याला लागतात, म्हणजे कागद रोज बदलला तर तुम्ही त्यांच्या आधी पोचता. जूनच्या मुंबईत कोरडं कसं ठेवायचं हे मात्र मला विचारू नका. दाणाही थोडाच आणा, पावसात बुरशी धरतो.

आणि मोजणी आता ७ जूनपासून नाही. दुसरा डोस झाला की त्या दिवसापासून नवे तीस.

---

खडूस_दादरकर | १८ जून, सकाळी ७:०५

हे तर सुतकात सुतक पडल्यासारखं झालं.

---

निमिष_ठाणेकर | १८ जून, दुपारी १:००

क्वारंटाइन शब्द इटालियन "चाळीस"वरून आलाय. व्हेनिसला जहाजं चाळीस दिवस थांबवून ठेवायचे. त्याआधी १३७७ मध्ये रगुझा बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, तीस दिवसांचा नियम केला होता. म्हणजे तीस की चाळीस हा वाद सहाशे वर्षांपेक्षा जुना आहे. डॉक्टर व्हेनिसचे, आपण सगळे रगुझाचे.

---

खिडकीतली_चिमणी | २६ जून, रात्री ११:५०

आज काय झालं सांगते. मुलाचा वाढदिवस. दीर कळव्याहून आले, हातात पिंजरा, पिंजऱ्यात जावा चिमणी. "वहिनी, सरप्राइज!" मुलगा आनंदाने ओरडला आणि मग एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघायला लागला. वही तोच लिहितो ना.

समोर ठेवली तर सगळ्यांचे दिवस पुन्हा शून्य. घरात ठेवली तर झेब्रा आहेत. सासूबाई म्हणतात, आणलेलं परत पाठवायचं नसतं.

---

अक्का_गिरगाव | २७ जून, सकाळी ८:१०

पाठवायचं. ज्याने आणलं त्याच्याकडेच तीस दिवस राहू दे. आणि भाऊजींना सांगा, जावा चिमणी सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, तिची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ पासून तसा नियम आहे. दुकानदाराने कागद दिला का विचारा.

---

खिडकीतली_चिमणी | २७ जून, रात्री १०:२०

कागद दिला नव्हता. दीर उद्या जाऊन मागणार आहेत. चिमणी कळव्याला गेली, सोबत माझा जुना काटा आणि मुलाने आखून दिलेली वही. दिरांचा आत्ताच मेसेज आला: "२४.८. बरोबर आहे का? की काटा गंडलाय?"

---

खिडकीतली_चिमणी | ४ जुलै, दुपारी ४:३०

१ तारखेला दुसरा डोस झाला. टिक्-टिक् बंद. मादी १५.१. नर पहाटे गायला लागलाय, अर्थात गोल्डियनचं गाणं म्हणजे कान लावला तर ऐकू येणारं.

पण काकू आज परत आल्या, आठ दिवस आधी. मी धावत गेले की आजच हलवते म्हणून. कुठे हलवणार ते मलाच माहीत नव्हतं. काकू कपाटाला टेकून बेंगालींकडे बघत उभ्या. म्हणाल्या, "हे दोघं एकमेकांना किती चिकटून झोपतात गं. राहू दे की." गाऊन कुठला घालायचा तेवढं विचारून घेतलं.

---

भांडुपचा_भाऊ | ४ जुलै, सायंकाळी ७:४५

काकूंना माझा दंडवत. पण आता त्यांचा स्वयंपाक सुरू होणार, म्हणून एक विचारा. तवा नॉनस्टिक आहे का? तो रिकामा तापला तर त्याच्या वाफेने बंद घरातले पक्षी मिनिटांत जातात. माणसाला वासही येत नाही.

---

खिडकीतली_चिमणी | १ ऑगस्ट, रात्री ९:००

काल तीस दिवस झाले. बेंगालींची दुसरी तपासणी गेल्या आठवड्यात केली. कॉक्सिडिया नाहीत. कॉक्लोसोमा या वेळी दिसला. भाऊ, तुमच्या तोंडात साखर म्हणू की काय म्हणू?

औषध सुरू केलंय, पण गोल्डियनसोबत त्यांना कधीच ठेवायचं नाही असं ठरवलं. गोल्डियन आज आमच्या हॉलमध्ये आले. झेब्रांच्या पिंजऱ्यात नाही, शेजारी वेगळ्या पिंजऱ्यात. झेब्रांनी एवढा आरडाओरडा केला की सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

बेंगाली काकूंकडेच राहणार. मी न्यायचा विषय काढला तर काकू म्हणाल्या, "त्यांना औषध चालू आहे ना? मग?" जावा कळव्यालाच आहे, तिलाही तीसच्या वर दिवस झाले. कागदही मिळाला, पण दीर आता द्यायचं नाव काढत नाहीत. मुलगा त्यांच्यावर रुसलाय.

---

भांडुपचा_भाऊ | १ ऑगस्ट, रात्री ९:२२

तव्याचं राहिलं.

---

खिडकीतली_चिमणी | १ ऑगस्ट, रात्री ९:३१

विचारलं. बिडाचा आहे, त्यांच्या सासूबाईंचा.